खाणीने उजाड केलेल्या जमिनीवर झुडपे परत आणणारा माणूस : अल्बर्ट मॉरिस

तुम्ही चंद्रपूर, वणी किंवा उमरेड भागातले असाल, तर कोळसा खाणीशेजारचे दगड-मातीचे डोंगर तुम्ही रोज पाहता. खाणीतले लोक त्यांना ओबी म्हणतात. कोळशावरचा थर काढून तो बाजूला रचलेला असतो. दर पावसाळ्यात त्यावर रोपे लावल्याचे फलक उभे राहतात. पुढच्या मे महिन्यात त्यातली किती रोपे जगली, हे मात्र फार थोड्या ठिकाणी कोणी मोजते. ढिगाऱ्यावरची माती वाहून आली की ती नाल्यात आणि पुढे तुमच्या वावरात येते. त्यामुळे त्या ढिगाऱ्यावर काय उगवते हा प्रश्न तुमच्या शेताचाही आहे.

या प्रश्नावर सुमारे ९० वर्षांपूर्वी एका माणसाने काम करून दाखवले. त्याचे नाव अल्बर्ट मॉरिस. तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणीच्या गावात राहत होता. तिथली खाण कोळशाची नव्हती, चांदी, शिसे आणि जस्ताची होती. पण जमीन उजाड होण्याची कारणे आणि ती पुन्हा झाकण्याची रीत समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण क्वचित सापडते. त्याचे आयुष्य आणि काम माहीत करून घ्या. शेवटी आपल्याकडच्या खाणींवर त्यातले काय चालेल आणि काय चालणार नाही, तेही सांगितले आहे.

जमीन उजाड कशी झाली

ब्रोकन हिल हे न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला, सिडनीपासून १,१०० किलोमीटरहून दूर आहे. पाऊस वर्षाला सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. आपल्या दुष्काळी माणदेशातही याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, यावरून कल्पना करा. एवढ्या कमी पावसातही तिथली जमीन मुळात उघडी नव्हती. तिच्यावर बाभळीच्या जातीची मुल्गा नावाची झाडे होती आणि त्यांच्यामध्ये सॉल्टबुश व ब्लूबुश ही बुटकी, राखाडी-निळसर पानांची झुडपे होती. सॉल्टबुश हे आपल्या चाकवत आणि पालकाच्या कुळातले. त्याची पाने खारट असतात, मेंढ्या ती आवडीने खातात आणि दुष्काळात तोच त्यांचा आधार असतो.

१८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या मेंढपाळ वाड्यावरच्या कामगाराने तिथे खनिज शोधले. काही वर्षांत वस्ती वाढली आणि मोठे शहर उभे राहिले. खाणीत आधाराला लाकूड लागे, भट्ट्यांना आणि बॉयलरना लाकूड लागे, घरोघरच्या चुलींनाही लाकूडच लागे. आसपासची झाडे तोडली गेली. मग उरलेल्या झुडपांवर मेंढ्या, शेळ्या, गुरे आणि ओझ्याची जनावरे चरू लागली. त्यात सशांची भर पडली. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात शिकारीसाठी सोडलेले थोडे ससे काही दशकांत अर्ध्या खंडभर पसरले होते. मेंढी झुडपाचा शेंडा खाते, ससा मात्र उगवते रोपच मुळाशी कुरतडतो. त्यामुळे म्हातारी झुडपे मरत गेली आणि त्यांच्या जागी नवी आली नाहीत.

झुडूप गेले की वाऱ्याला अडवणारे काही उरत नाही. वरची भुसभुशीत माती उडाली आणि खाली कडक, चोपलेल्या अंगणासारखा थर उघडा पडला. त्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो. उडालेली वाळू कुंपणांवर, रस्त्यांवर, रुळांवर आणि घरांच्या भिंतींशी साचू लागली. धुळीचे वादळ आले की भर दिवसा अंधार होई. घरात खाणे-पिणे, अंथरूण, कपडे सगळ्यावर धूळ बसे. खाणीचे ढिगारे शहराच्या मधोमध होते आणि त्यांची बारीक भुकटीही त्याच वाऱ्याबरोबर उडे.

परीक्षकाची नोकरी, रोपांची आवड

अल्बर्ट मॉरिस याचा जन्म १८८६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात झाला. लहानपणीच कुटुंब ब्रोकन हिलच्या परिसरात आले. त्याने तिथेच धातुपरीक्षणाचे शिक्षण घेतले आणि सेंट्रल माइन या खाणीत परीक्षक म्हणून नोकरी केली. खनिजाचा नमुना घ्यायचा, वजन करायचे, त्यात धातू किती हे काढायचे आणि वहीत लिहायचे, हे त्याचे रोजचे काम. वनस्पतिशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. पण नमुना कसा घ्यावा आणि आकडा कसा लिहून ठेवावा, हे त्याच्या हाताला लागलेले होते. पुढच्या कामात ही सवय फार उपयोगी पडली.

१९०९ मध्ये त्याचे मार्गारेट सेस हिच्याशी लग्न झाले. ती क्वेकर पंथाची होती, तोही पुढे त्या पंथात गेला. मार्गारेटला झाडांची आवड त्याच्याइतकीच होती. दोघांनी मिळून आयुष्यभर हे काम केले. म्हणून त्याची गोष्ट सांगताना तिला वगळता येत नाही.

दोघे शहराच्या रेल्वे टाउन या भागात राहत. तिथे घरापर्यंत वाळू सरकत येई. मॉरिसने ती फावड्याने काढत बसण्याऐवजी तिच्यावरच झाडे लावायला घेतली. कोणते रोप वाळूत टिकते, कोणते खारट जमिनीत, कशाला किती पाणी लागते, हे तो स्वतःच्या अंगणात पाहत गेला. बाहेरची झाडेही लावून पाहिली आणि आसपासच्या माळावरची झुडपेही. हळूहळू त्याचा कल स्थानिक झुडपांकडे गेला. ज्या झुडपाच्या कितीतरी पिढ्या त्याच मातीत, त्याच पावसावर जगल्या, त्याला वेगळे लाड लागत नाहीत, हे त्याला दिसत होते.

माळ वाचायला शिकलेला माणूस

१९२० मध्ये डॉ. विल्यम मॅकगिलिव्हरे आणि इतर काही जणांबरोबर त्याने बॅरियर फील्ड नॅचरॅलिस्ट्स क्लब सुरू केला. मोकळ्या दिवशी माळावर जायचे, झाडे-पक्षी पाहायचे, नमुने गोळा करायचे आणि नोंदी ठेवायच्या, असे या मंडळाचे काम होते. मॉरिस वर्षानुवर्षे त्याचा चिटणीस होता. त्याने त्या भागातल्या वनस्पतींचा मोठा संग्रह केला आणि ओळख पटवण्यासाठी अॅडिलेड व सिडनीच्या तज्ज्ञांना नमुने पाठवले. सॉल्टबुशच्या एका जातीला त्याच्या नावावरून अॅट्रिप्लेक्स मॉरिसाय असे शास्त्रीय नाव मिळाले.

कृषी सहायकांनी आणि शेतकऱ्यांनी यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. इतकी वर्षे माळावर फिरल्यामुळे मॉरिसला कोणते रोप आधी येते आणि कोणते नंतर, हा क्रम समजला. उघड्या जमिनीवर पहिल्यांदा वर्षभर जगणारे, काटेरी बियांचे, बुटके तण येते. ते आपल्याला कुचकामी वाटते. पण त्याच्या बुडाशी वाळू, पालापाचोळा आणि बी अडकते. तिथे ओल टिकते आणि मग त्या आडोशाला अनेक वर्षे जगणारे सॉल्टबुश रुजते. जे लोक पहिल्या वर्षीचे तण पाहून काम फसले असे ठरवतात, ते या क्रमाची पहिलीच पायरी पाहून निकाल देत असतात.

दुसरी गोष्ट त्याने पाहिली ती कुंपणाची. जिथे योगायोगाने जनावर पोचत नव्हते, तिथे झुडपे आपोआप येत होती. म्हणजे जमीन मेलेली नव्हती. तिच्यात आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूत बी होते. कमी होती ती फक्त रोपाला मोठे व्हायला मिळणाऱ्या वेळेची.

१९३६ : खाणमालकांना पटवलेली गोष्ट

शहराभोवती मोठा पट्टा चराईपासून बंद करावा, असे मॉरिस सांगत असे. तुम्हीच विचार करा, हे पटवणे किती अवघड होते. झाडे लावतो म्हटले तर लोकांना काम दिसते. खड्डे दिसतात, रोपे दिसतात, पाणी घालणारी माणसे दिसतात. नुसते कुंपण घालून आत काहीच करायचे नाही, असे म्हटले तर पैसे देणाऱ्याला ते काम वाटतच नाही. शिवाय शहराभोवतीच्या जमिनीवर लोकांची जनावरे चरत होती.

संधी मिळाली ती झिंक कॉर्पोरेशन या खाण कंपनीमुळे. १९३० च्या दशकाच्या मध्यावर ही कंपनी शहराच्या दक्षिणेला नवी खाण आणि नवी यंत्रसामग्री उभी करत होती. कंपनीचे प्रमुख डब्ल्यू. एस. रॉबिन्सन आणि व्यवस्थापक ए. जे. कीस्ट यांना नव्या बांधकामाभोवती झाडे हवी होती. तिथे वाळू उडत राहिली तर यंत्रे आणि कामगार दोघांनाही त्रास होणार होता. त्यांनी मॉरिसला सल्ला विचारला.

१९३६ मध्ये सुमारे ९ हेक्टर जागेला जनावर आणि ससा दोन्ही आत येणार नाहीत असे कुंपण घातले गेले. आत युकॅलिप्टस आणि इतर झाडे लावली आणि त्यांना खाणीतले वापरलेले पाणी दिले. मॉरिसने कंपनीला झाडे दिलीच. पण त्याचे खरे लक्ष होते ते झाडांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेवर, जिथे कोणी काही लावलेले नव्हते आणि पाणीही घातलेले नव्हते.

काही महिन्यांत त्या मोकळ्या जागेत स्थानिक गवत आणि झुडपे उगवून आली. कुंपणाच्या एका बाजूला हिरवे-राखाडी आच्छादन आणि दुसऱ्या बाजूला उघडी वाळू, असे चित्र होते. माती तीच, पाऊस तोच, वारा तोच, फरक फक्त जाळीचा. मॉरिसला जे शब्दांत पटवता येत नव्हते, ते आता कोणालाही डोळ्यांनी दिसत होते.

मग त्याने पुढचा प्रस्ताव मांडला. झाडे आणि पाणी यांचा खर्च फक्त थोड्या जागेवर करावा. बाकी शहराच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला, जिकडून वाळू येते तिकडे, मोठे पट्टे नुसते कुंपणबंद करावेत. कीस्टने इतर खाणींनाही राजी केले. १९३६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत असे अनेक राखीव पट्टे तयार झाले. उत्तर आणि पूर्व बाजूचे काम पुढे १९५० च्या दशकात झाले आणि शहराभोवती झुडपांचे कडे तयार झाले.

मॉरिस गेला, मोजणी सुरू राहिली

मॉरिसला हे कडे पूर्ण झालेले पाहायला मिळाले नाही. १९३९ च्या जानेवारीत मेंदूच्या गाठीने तो वारला. वय अवघे ५२ वर्षे होते. पट्टे बंद होऊन जेमतेम दोन-अडीच वर्षे झाली होती. सॉल्टबुश हे अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. ते टिकले की नाही हे दोन वर्षांत सांगता येत नाही.

अशा वेळी बहुतेक योजना संपतात. ज्याला त्यातले कळते तो माणूस जातो, खर्च करणाऱ्यांचा उत्साह ओसरतो, जाळी तुटते, शेळ्या आत शिरतात. ब्रोकन हिलला तसे झाले नाही. याचे एक कारण मार्गारेट मॉरिस. तिने त्याच वर्षी, १९३९ मध्ये, या भागातल्या वनस्पतींच्या पुनरुज्जीवनावर ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ सायन्स या नियतकालिकात लेख लिहिला आणि काय झाले ते नोंदवून ठेवले.

दुसरे कारण सिडनी विद्यापीठाचे लोक. तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एरिक अॅशबी आणि संशोधक इल्मा पिजन यांनी या पट्ट्यांचा अभ्यास केला. चराई बंद केल्यावर झाडोरा किती आणि कसा परत येतो, याचे संख्याशास्त्रीय विश्लेषण त्यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केले. हिरवळ छान दिसते असे म्हणून ते थांबले नाहीत. मोजमाप करून फरक खरा की योगायोगाचा, हे तपासले. त्यामुळे पुढे कोणी हा पावसाचा परिणाम आहे असे म्हटले, तरी उत्तर द्यायला आकडे होते.

हे पट्टे आजही आहेत. २०१५ मध्ये ब्रोकन हिल शहराचा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत समावेश झाला. एका खाण परीक्षकाने सुचवलेले कुंपण आज त्या शहराच्या ओळखीचा भाग आहे.

शेजारच्या राज्याचा धडा : थोडे ससेही पुरे होतात

मॉरिसच्याच काळात शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात, कूनामोर इथे, अॅडिलेड विद्यापीठाचे प्राध्यापक टी. जी. बी. ऑस्बर्न यांनी १९२५ मध्ये सुमारे ३९० हेक्टर जागा मेंढ्यांपासून बंद केली होती. तिथे त्यांनी कायमच्या चौकटी आखल्या आणि ठरलेल्या जागेवरून फोटो घ्यायला सुरुवात केली. त्याच चौकटी आणि त्याच जागांवरच्या नोंदी पुढे अनेक दशके चालू राहिल्या.

या लांब नोंदींतून एक गोष्ट उघड झाली, जी पाच-दहा वर्षांत कळलीच नसती. मेंढ्या बंद केल्यावर सॉल्टबुश परत आले. पण मुल्गासारख्या झाडांची नवी रोपे वर्षानुवर्षे उभी राहत नव्हती. कारण आत थोडे ससे उरले होते. १९७० च्या दशकात सशांचा नीट बंदोबस्त झाल्यावरच त्यांची रोपे वाढू लागली. झुडूप पुष्कळ बी टाकते, त्यामुळे चार रोपे खाल्ली तरी चार उरतात. झाडाची रोपे मात्र फक्त चांगल्या पावसाच्या वर्षी, मोजकीच येतात. तेवढी खायला थोडे जनावरही पुरते.

मॉरिसने पहिल्या कुंपणातच ससा आत येणार नाही याची काळजी घेतली होती. कूनामोरच्या नोंदी पाहिल्या की ती काळजी किती मोलाची होती ते कळते.

आपल्या कोळसा खाणींवर काय चालेल, काय नाही

मॉरिसची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. दोन ठिकाणांत मोठे फरक आहेत.

पहिला फरक मातीचा. ब्रोकन हिलच्या पट्ट्यांत मूळ जमीन जागेवर होती, फक्त ती झिजलेली होती. त्यामुळे तिच्यात बियांचा साठा होता. कोळसा खाणीचा ओबी ढिगारा म्हणजे खोलवरून वर आलेला वालुकाश्म, शेल आणि मुरूम. त्यात बी नसते, सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो, कधी आम्लपणाही असतो. तिथे नुसते कुंपण घालून वर्षानुवर्षे थांबलात, तर मधल्या काळात पाऊस ढिगारा धुऊन नेईल. म्हणून खोदण्याआधी वरची काळी माती वेगळी काढून ठेवणे आणि ती ढिगाऱ्यावर परत पसरवणे ही पहिली गरज आहे. बियांचा साठा त्याच वरच्या काही बोटे मातीत असतो. माती फार वर्षे उंच ढिगात पडून राहिली तर तो साठा मरतो. म्हणून ती जितकी ताजी वापराल तितके चांगले.

दुसरा फरक पावसाचा. तिथे शत्रू वारा होता. चंद्रपूरकडे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो. इथे शत्रू वाहते पाणी आहे. उतार कमी करणे, टप्पे पाडणे, समपातळीत चर काढणे आणि पहिल्याच पावसाळ्यात गवत धरणे आधी हवे. आपल्याकडे ओबी ढिगाऱ्यांवर दीनानाथ गवत आणि स्टायलो पेरतात ते यासाठीच. स्टायलो द्विदल असल्याने मातीत नत्रही वाढवते. मात्र पेरलेले गवत फार दाट झाले, तर झुडपाच्या रोपाला ऊन आणि ओल मिळत नाही. म्हणून बियाणे बेताने पेरा आणि मध्ये मोकळ्या जागा ठेवा.

तिसरी गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे : चराई. ढिगाऱ्यावर गवत आले की आसपासच्या गावांतल्या शेळ्या-गाई तिकडे जाणारच. गुराख्याला दोष देऊन उपयोग नाही. खाणीत त्याचे गायरान गेलेले असते. गवत कापून नेण्याचा हक्क गावाला द्यावा आणि जनावर आत सोडणे बंद ठेवावे, असा करार केला तर कुंपण टिकते. नुसत्या तारेवर भरवसा ठेवला तर पहिल्या उन्हाळ्यात ती तार कापलेली दिसेल.

जाती निवडतानाही मॉरिसची रीत वापरा. तुमच्या भागातल्या जुन्या, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या ढिगाऱ्यावर जाऊन पाहा. कोणी न लावता तिथे काय आले आहे? बोर, पळस, बाभूळ, तरवड, कुसळी, मारवेल असे जे स्वतःहून आलेले दिसेल, त्याचे बी तिथूनच गोळा करा. तेच रोप नव्या ढिगाऱ्यावर टिकण्याची शक्यता जास्त असते.

नोंदी कशा ठेवाल

यंत्र लागत नाही. लोखंडी खुंट्या, सुतळी, टेप, वही आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे.

१. चौकटी आखा. गवतासाठी १ बाय १ मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५ मीटर, झाडांसाठी १० बाय १० मीटर. जागा आपल्याला आवडली म्हणून निवडू नका. नाहीतर नकळत हिरव्या जागाच निवडल्या जातात. ठरावीक पावलांवर किंवा चिठ्ठी टाकून जागा घ्या. माथा, उतार आणि पायथा या तिन्ही ठिकाणी चौकटी हव्यात, कारण पायथ्याला माती आणि ओल जास्त असते.

२. खुंट्या कायमच्या ठोका. दरवेळी तीच चौकट मोजली गेली पाहिजे. जागा बदलली की तुलना संपली.

३. कुंपणाबाहेरही तेवढ्याच चौकटी आखा. मॉरिसला जाळीच्या दोन्ही बाजू पाहता आल्या म्हणूनच लोकांना पटले. बाहेरची नोंद नसेल तर झाडोरा कुंपणाने आला की चांगल्या पावसाने, हे सांगता येत नाही.

४. वर्षातून दोनदा मोजा. एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि एकदा मेच्या शेवटी. ऑक्टोबरचा आकडा किती उगवले ते सांगतो, मेचा आकडा किती जगले ते. समजा एका चौकटीत ऑक्टोबरमध्ये बोरीची ४० रोपे होती आणि मेमध्ये १० राहिली, तर जगण्याचे प्रमाण २५ टक्के. फक्त ऑक्टोबरचा फोटो दाखवणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नका.

५. रोपे तीन गटांत मोजा : यंदा उगवलेली, गुडघ्याखालची जुनी आणि गुडघ्यावरची. फुले-फळे धरलेली झुडपे वेगळी लिहा. लावलेली रोपे आणि आपोआप आलेली रोपेही वेगळी ठेवा. लावलेल्या झुडपाचे बी पडून त्याची दुसरी पिढी उगवली, तेव्हाच ते तिथे खऱ्या अर्थाने रुजले असे समजा.

६. उघडी जमीन किती, हे अंदाजे टक्क्यांत लिहा. लहान चर, घळी पडल्या असतील तर त्यांची खोली मोजा. चर खोल होत असेल तर वर कितीही हिरवे दिसले तरी काम बिघडते आहे.

७. खाल्ल्याच्या खुणा पाहा. शेंडा कातरल्यासारखा, लेंड्या, शेण, खुरांचे ठसे जे दिसेल ते लिहा. कूनामोरमध्ये मोठ्या झाडांची रोपे कुठे जात होती याचे उत्तर अशाच खुणांत होते.

८. दर चौकटीजवळ एक खुंटी फोटोसाठी ठरवा. त्याच खुंटीवरून, त्याच दिशेला, त्याच महिन्यात फोटो घ्या.

९. त्या वर्षीचा पाऊस वहीत लिहा. पाऊस न लिहिता काढलेला निष्कर्ष पुढच्या वर्षी खोटा ठरतो.

१०. वही एका माणसाच्या घरी ठेवू नका. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक कृषी सहायकाकडे ठेवा. नोंदी करणारा माणूस बदलला तरी मोजणी थांबता कामा नये. मॉरिस अचानक गेला, तरी त्याची पत्नी, मंडळ आणि विद्यापीठ यांच्याकडे माहिती होती, म्हणून काम पुढे चालले.

पहिल्या वर्षी आकडे वाईट आले तर घाबरू नका. पहिली दोन-तीन वर्षे तण आणि गवताचीच असतात. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षीही गुडघ्यावरची झुडपे वाढत नसतील, तर कारण शोधा : चराई आहे का, माती परत पसरली होती का, गवत फार दाट झाले का, उतार धुपतो आहे का. कारण सापडले की त्यावर खर्च करा. पुन्हा तीच रोपे त्याच जागी लावण्यात पैसे घालू नका.

तुमच्या गावाजवळ खाण असेल, तर यंदाच्या पावसाळ्यानंतर खाण व्यवस्थापनाशी बोलून किमान सहा चौकटी आखून घ्या, तीन कुंपणाच्या आत आणि तीन बाहेर. गावातल्या शाळेतली मुले, बचत गटाच्या महिला आणि कृषी सहायक मिळून एका दिवसात ही मोजणी होते. पुढच्या मेमध्ये त्याच खुंट्यांवर परत गेलात, की ढिगाऱ्यावर लावलेल्या रोपांचे खरे काय झाले ते तुमच्याच वहीत लिहिलेले असेल.